ओंडक्याचं लगेज

३ फेब्रुवारी, सोमवार

एसटीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पहाटे पाचला डोळा उघडतो आणि हात खांद्यावरची चामड्याची पिशवी चाचपतो. आज त्या हाताला काम मिळालं. वनरक्षक सलोनी मॅडम तांड्यावर आल्या होत्या. वय असेल पंचवीस, आवाज मात्र डेपो मॅनेजरचा. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आंब्याच्या आणि मोहाच्या झाडांत एक नवा किडा शिरला आहे. आपल्याकडचा नाही, कुठून तरी लाकडाच्या गाडीतून आलेला. मिशा हातभर लांब (हे माझं, मॅडम म्हणाल्या दोन बोटं), म्हणून लोक त्याला मिशीवाला म्हणतात. मादी सालीत अंडी घालते, अळी आतून झाड पोखरते आणि बुंध्याशी भुसा पडायला लागतो. भुसा दिसला की झाड गेलं समजायचं. औषध नाही. तोडायचं आणि जागच्या जागी जाळायचं.

पुढचं ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. हा किडा स्वतः फार लांब उडत नाही, फार तर दोन शेतं. तो गावोगाव जातो तो सरपणातून. कोणी लग्नाच्या चुलवणाला, कोणी होळीला पोखरलेलं लाकूड इकडचं तिकडे नेतं आणि साहेब आयते पोचतात. म्हणजे हा विनातिकीट प्रवासी झाला. एकतीस वर्षं मी दुसरं काय पकडलं?

समिती झाली, अध्यक्ष मी. घोषणाही मीच केली: ज्या शिवारचं सरपण, त्याच शिवारची चूल. मॅडमना आवडली, निदान त्या हसल्या.

संध्याकाळी बोरी अरबला सदाशिवरावांना सांगायला गेलो. हे माझे तीस वर्षांचे मित्र, कापूस-तुरीचे मोठे शेतकरी. दुसऱ्याला चांगलं म्हणायचं झालं की यांच्या दातांना कळ येते. म्हणाले, "बाप्पा, सात पिढ्या ज्याइनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, त्याइलेच वाह्यनं बंद कराले बसोलं." मी चहा अर्धा ठेवून उठलो. बाहेर येऊन वाटलं, उरलेला पिऊन उठायला हवं होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने, सोनीबाईने, समितीबद्दल तीन दिवसांत एकच गोष्ट विचारली. (आम्ही घरात आमच्या बंजारा गोरबोलीत बोलतो, इथे मराठीत लिहितो.) "मंग माह्या शेप्याले लागन का थो?"

शेप्या म्हणजे घरामागचा तिचा आंबा. लग्न होऊन आली तेव्हा हा तांडा म्हणजे नुसता माळ होता, सावली हवी तर बैलगाडीखाली बसावं लागे. तिने माहेरच्या तांड्यावरून एक कोय पदराला बांधून आणली आणि लावली. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं त्याला. बारा वर्षं त्याने एक कैरी दिली नाही आणि तांड्याने तिला हसून घेतलं. मग धरला तो असा, की बडीशेपेचा वास असलेला त्याचा रस एकदा प्यालेला माणूस दरवर्षी आमच्याकडे वाट वाकडी करून येतो. पुढे तिचं माहेर धरणात गेलं. तांडा, आमराई, विहीर, सगळं पाण्याखाली. त्या वाणाचं आता दुनियेत हे एकच झाड आहे. कोणी माहेर विचारलं तर ती मागच्या दाराकडे बोट करते.

मी म्हटलं, मी अध्यक्ष असताना कोणाची बिशाद आहे?

१२ फेब्रुवारी, बुधवार

पहिली शिकार. फाट्यावर मॅडम आणि मी थांबलो होतो. कळंबकडून एक पिकअप आली, मोहाच्या लाकडांनी भरलेली. मी चढून एकेक ओंडका वाजवून पाहिला. निम्म्यांना बोटभर रुंदीची भोकं आणि भोकांतून भुसा. मालक कोण, तर सदाशिवराव. पुतण्या आयुषच्या लग्नाच्या स्वयंपाकासाठी मागवलेली लाकडं. मला जो आनंद झाला तो लिहिण्यासारखा नाही.

मॅडमनी रस्त्याच्या कडेला सगळी जाळायला लावली. सदाशिवराव मोटरसायकलवर आले, आगीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेले. ते बोलले नाहीत हे फार लागलं मला. तयारी करून ठेवली होती उत्तराची.

मॅडम लवकर निघाल्या, शेवटचे चार ओंडके माझ्यावर सोपवून. तीन जाळले. एक ठेवला. दोन हात लांब, चार भोकं, सुबक. लोक नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, हे कंडक्टरइतकं कोणाला माहीत? वानोळा दाखवावा लागतो. पोत्यात घातला, खांद्यावर टाकला आणि घरी आणून मागे शेप्याला टेकवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सेवालाल महाराजांची जयंती. सगळा तांडा जमलेला, तिथेच ओंडका ठेवला. नायक हरिसिंग आधी नाक मुरडत होते. मग मी ओंडक्याला कान लावायला सांगितलं. आतून स्पष्ट ऐकू येतं: कर्र, कर्र, कर्र. अळी लाकूड खाते आहे. झालं, रांग लागली. म्हाताऱ्यांनी ऐकलं, पोरांनी ऐकलं, हरिसिंगांनी दोनदा ऐकलं. माझ्या तोंडी भाषणाला इतकी माणसं कधी थांबली नव्हती.

कोणीतरी विचारलं, हा बाहेर नाही का येणार? मी समजावून सांगितलं की तो लाकडात कोंडलेला आहे, म्हणजे आपल्या ताब्यात आहे. मी त्याचं नाव कैदी ठेवलं आहे. पुरावा जिवंत आहे हे आपलं नशीब. आता जिल्हाभर फिरायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कळंब. बसमध्ये कंडक्टर कालचा पोरगा. म्हणाला, आजोबा, पोतं असू द्या, बसा. मी त्याला नियम शिकवला आणि ओंडक्याचं लगेज फाडायला लावलं. माझं ज्येष्ठ नागरिकाचं अर्धं तिकीट आणि कैद्याचं पूर्ण भाडं, पण कायदा तो कायदा. वाटेत कर्र कर्र इतकं वाढलं की ड्रायव्हरने गाडी थांबवून गिअर बॉक्स पाहिला.

चिंतामणीचं दर्शन घेतलं. मग बसस्थानकामागच्या मोठ्या आंब्याखाली ओंडका मांडला. मी ठरवलंच आहे की प्रत्येक गावात आंब्याखालीच बसायचं. सावलीही मिळते आणि विषयाला धरूनही होतं. दीडशे माणसांनी कान लावले असतील. जाताना बुंध्याशी सांडलेला भुसा मी स्वतः झाडून काढला, आपली घाण दुसऱ्याच्या गावात कशाला?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अकरा गावं झाली. आज बोरी अरब. सदाशिवरावांनी मोठेपणा दाखवून अंगणात बोलावलं. लाकडांचा राग गेलेला दिसला. त्यांच्या कलमी आंब्याला ओंडका टेकवून आम्ही ओसरीवर चहा प्यायलो. लग्न गॅसवर उरकलं म्हणाले, आणि भाजी त्यामुळेच बिघडली म्हणाले.

घरी येऊन पाहतो तर ओंडक्याला सात भोकं. चार होती. मी बारा तारखेला लिहून ठेवलं आहे, चारच. चहा पिताना सदाशिवराव दोनदा उठून अंगणात गेले होते. त्यांच्या घरात ड्रिल मशीन आहे. पासष्टीचा माणूस, आणि असले उद्योग.

५ मार्च, बुधवार

सायकलची साखळी आणून ओंडका शेप्याच्या बुंध्याला बांधला, वर कुलूप. आज सकाळी भोकं अकरा. कुलूप जसंच्या तसं. म्हणजे दुसरी किल्ली आहे.

सोनीबाई म्हणाली की काल सांजेला दोन मोठाले काळे किडे झाडावर चढताना दिसले, मिशावाले. मी म्हटलं, झाड म्हटलं की किडे असायचेच, माझा किडा तर आत आहे. ती बराच वेळ ओंडक्याकडे पाहत राहिली. कैद्याचा आवाज अलीकडे कमी झाला आहे. प्रवासाने दमला असेल.

१४ मार्च, शुक्रवार

आमच्या तांड्याची होळी उजाडताना पेटते. त्याआधी पोरं लाकडं जमवतात, आणि जमवतात म्हणजे चोरतात. कोणाचं कुंपण, कोणाची मोडकी खाट, होळीला सगळं माफ. या वर्षी मी रचलेलं एकेक लाकूड तपासलं. कुठल्या शिवारातलं, कोणत्या झाडाचं, भोकं किती. हरिसिंग म्हणाले, "फुलसिंग, होळी आहे का चेकिंग?" बायांनी माझ्यावर लगोलग होळीची लेंगी रचून म्हटली. त्यात माझ्या मिशा आणि किड्याच्या मिशा एकत्र आणल्या होत्या. सोनीबाई सगळ्यात मोठ्याने गात होती.

आग चांगली धरली आणि पाहतो तर सोनीबाई माझा ओंडका कवेत घेऊन आगीकडे चाललेली. कुलूप उघडून. किल्ली माझ्या कडदोऱ्याला असते, तिने कधी काढली कळलंही नाही. मी धावलो. होळीपासून चार पावलांवर आम्ही दोघं ओंडक्याची ओढाओढ करत होतो आणि तांडा हसत होता.

ती म्हणाली, "पुरं झालं आता. याले जाऊ द्या आगीत."

मी म्हटलं, अजून नऊ गावं राहिली आहेत, ढाणकी राहिली आहे. तिने हात सोडला. दिवसभर पुरणपोळी वाढली, पण तूप नाही वाढलं. बायकांना सार्वजनिक काम कळत नाही. पण एक कोडं सुटलं: दुसऱ्या किल्लीची गरज नव्हती, कोणीही कडदोऱ्याची किल्ली काढू शकतं. सदाशिवरावांनीही काढली असेल.

२ एप्रिल, बुधवार

ढाणकी. पहाटे निघालो, तीन गाड्या बदलल्या, तीनदा लगेज फाडलं. शेवटच्या गाडीत पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याच्या मुंडाशावर एक मिशीवाला बसलेला दिसला. जिवंत, मिशा हलवत. मी उभा राहिलो आणि सगळ्या गाडीला सांगितलं, बघा, आपण पोचायच्या आत हा ढाणकीला पोचतोय, इतका हा चलाख आहे. तेवढ्यात तो खिडकीतून उडाला. लोकांना माझं म्हणणं पटलं. म्हातारा मात्र उतरेपर्यंत मुंडासं झटकत होता.

बाजाराच्या कडेच्या आंब्याखाली सभा झाली. आता कर्र कर्र अजिबात येत नाही, म्हणून मीच तोंडाने काढून दाखवतो.

२१ एप्रिल, सोमवार

तेवीस गावं पूर्ण. ओंडक्याला चौदा भोकं, आणि वजन इतकं कमी की एका हाताने उचलतो. वाळला. त्याला शेप्याजवळच्या छपरीत मानाने ठेवून दिला.

मॅडमचा फोन आला. पाच जूनला पर्यावरण दिनी यवतमाळला सत्कार: शाल, श्रीफळ, आणि दोन शब्द बोलायचे. मी अकरा मिनिटांचे दोन शब्द लिहून काढले. सोनीबाईला वाचून दाखवत होतो तर ती म्हणाली, यंदा शेप्याची कैरी वाऱ्याशिवाय गळून राहिली. मी म्हटलं, ऊन आहे.

१८ मे, रविवार

मॅडम नकाशा घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. नऊ गावांत आंब्याखाली भुसा सापडला आहे. नऊही ठिकाणी हा किडा आधी नव्हता. गावं एकमेकांना लागून नाहीत, एक इथे, एक ढाणकीला. "काका, लाकडाची कोणती गाडी एवढ्या ठिकाणी फिरली असेल?" त्यांनी विचारलं. पावसाळ्याआधी सगळी लागण झालेली झाडं सापडली नाहीत तर पुढच्या वर्षी जंगलातला मोह हातचा जाईल, असं म्हणाल्या.

मी त्यांना वचन दिलं की गुन्हेगार मी शोधतो.

२२ मे, गुरुवार

तपास जोरात. नऊही गावं माझ्या दौऱ्यातली निघाली. तारखाही जुळतात. निष्कर्ष स्पष्ट आहे: कोणीतरी माझ्या मागोमाग फिरत होतं. माझी मोहीम हाणून पाडायला मी जिथे सभा घेतली तिथेच त्याने किडा सोडला, आणि तोही मी बसलो त्याच झाडाखाली. इतका राग एकाच माणसाला आहे.

दुपारी सदाशिवरावांकडे गेलो. त्यांचा कलमी आंबा पिवळा पडलेला, खाली भुशाचा ढीग, आणि ते शेजारी खुर्ची टाकून बसलेले. मला म्हणाले, पाह्य गड्या, तू एवढा कानीकपाळी ओरडत होता अन् माह्याच अंगणात निघाला. डोळे ओले होते त्यांचे. स्वतःच्या झाडाला कोणी लावेल का? लावेल, संशय फिरवायला. तरी परत येताना मला त्यांच्या डोळ्यांचं काही जमवता येईना.

२४ मे, शनिवार

सकाळी सोनीबाई मागे झाडत होती. मी तिला तपास सांगत होतो: तेवीस गावं, तीच झाडं, तोच माणूस, माझ्याच गाड्यांनी फिरणारा. ती थांबली. केरसुणीच्या टोकाने तिने शेप्याच्या बुंध्याकडे दाखवलं. पिवळसर भुसा, नुकता सांडल्यासारखा. तिने झाडला, आणि आमच्या डोळ्यांसमोर वरून आणखी चिमूटभर पडला.

"चार दिसापासून झाडून राह्यली मी," ती म्हणाली. "तेवीस गावी कोन गेलतं?"

मी म्हटलं, मी.

"अन् लाकूड कोनाच्या खांद्यावर होतं?"

मी छपरीत जाऊन ओंडका उचलला आणि दगडावर आपटला. तो पोकळ मडक्यासारखा फुटला. आत कोणी नव्हतं. चौदा रस्ते होते, सगळे बाहेर जाणारे.

२५ मे, रविवार

जेवलो नाही. सोनीबाईनेही केलं नाही.

२६ मे, सोमवार

मॅडमच्या ऑफिसला गेलो. वाटेत तीन गोष्टी जुळवल्या होत्या, की मला कोणी सांगितलं नाही, की माझा हेतू चांगला होता, की तपास चालू आहे. टेबलासमोर उभा राहिलो आणि तिन्ही विसरलो. म्हटलं, तो विनातिकीट प्रवासी मीच फिरवला, वर लगेज फाडून फिरवला.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काका, मी चारही ओंडके जाळा म्हटलं होतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नऊ झाडं सापडली आहेत, उरलेली चौदा कोणती हे फक्त मला माहीत आहे. म्हणजे मलाही धड माहीत नाही, ते या वहीत आहे. कोणत्या गावात कोणाच्या आंब्याला टेकवला, हे मी रोज लिहीत आलो. मॅडमनी वही मागितली. मी म्हटलं, यादी काढून देतो. त्या म्हणाल्या, आता तुमच्या यादीवर माझा विश्वास नाही, वही द्या.

माझ्यासमोर बसून त्यांनी समितीची आणि दौऱ्याची पानं वाचली, घरगुती पानं न वाचताच उलटली. एका पानाशी थांबून त्यांनी वर न बघता विचारलं, "डेपो मॅनेजरचा आवाज?" मी पंख्याकडे पाहत राहिलो. सदाशिवरावांच्या ड्रिल मशीनपाशी त्यांना हसू आलं असावं, कारण त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मग पुन्हा गंभीर होऊन एकेक गाव उतरवून घेतलं. बावीस झाली. तेविसावा आमचाच तांडा. जयंतीचा मांडव उघड्यावर होता, तिथे झाड नाही. तांडा लिहून त्यांनी समोर प्रश्नचिन्ह केलं. वहीत शेप्याचं नाव पानोपानी आहे, पण त्यांना शेप्या म्हणजे काय ते कळलं नसावं, खुंटी वाटली असेल. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. वही परत घेऊन घरी आलो.

२७ मे, मंगळवार

आज सोनीबाई म्हणाली, मॅडमले वाचाले देली, मले वाचून दाखवा. तिला वाचता येत नाही, हे इतकी वर्षं माझ्या पथ्यावर पडलं होतं. पहिल्या पानापासून वाचलं. बायकांना सार्वजनिक काम कळत नाही, हेही वाचलं. गाळायचं ठरवलं होतं, पण ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

"शेप्याला टेकवला" असं आलं की ती पदराला एक गाठ मारत होती. वही संपली तेव्हा सतरा गाठी झाल्या होत्या.

मी तिला सांगितलं की यादीत आपलं झाड नाही, कोणाला कळलेलं नाही, आपण भुसा रोज झाडू, कोणी आलं तर पोत्याने झाकू. खरं सांगतो, मी हे तिच्यासाठी म्हणत होतो. ज्या झाडाचं दुसरं भावंड या जगात नाही, ते मी माझ्या हाताने मारलं होतं, आणि आता निदान चार वर्षं तरी ते उभं राहावं असं मला मनापासून वाटत होतं.

तिने गाठी सोडायला सुरुवात केली. सोडता सोडता म्हणाली, "दुसऱ्याच्या झाडाले कुऱ्हाड लावाले जासान, मंग लोक इचारतील तुमच्या घरचं काय. काय सांगसान?"

मी वही मिटली.

"मॅडमले फोन लावा. पैलं हे झाड लिवा म्हना."

मीच लावला. मॅडमना सांगितलं, शेप्या ही खुंटी नाही. त्या म्हणाल्या, कैऱ्या उतरवून घ्या, फळात हा किडा नसतो. तोडायचं रविवारी.

१ जून, रविवार

दोन दिवस तांड्याची पोरं कैऱ्या उतरवत होती. निम्म्या पाडाला आलेल्या. सोनीबाईने त्या घरात गवतात घातल्या आणि कोयी कोणीही फेकायच्या नाहीत अशी तांड्याला ताकीद दिली. मॅडम म्हणाल्या, कोयीचं झाड आईसारखंच निघेल असं नसतं. सोनीबाई म्हणाली, पोरी तरी मायसारख्या कुठं निघतात, तरी वाढवाच लागतात.

सदाशिवराव आले. वही त्यांनी वाचलेली नाही, पण मी परवा स्वतः जाऊन सगळं सांगितलं होतं, ड्रिल मशीनसकट. तेव्हा ते मला फाटकापर्यंत शिव्या देत आले होते. आज कुऱ्हाड घेऊन आले. म्हणाले, माह्या झाडाले तू येजो, तुह्या झाडाले म्या आलो. दोघांनी मिळून घाव घातले. दर दहा घावांनी ते थांबून म्हणायचे, "गाढव हाय तू." मी हो म्हणायचो.

जिथे पडलं तिथेच फांद्या रचल्या. अंगणाबाहेर काडी जाऊ दिली नाही. लाकूड ओलं, म्हणून धूर फार. मॅडम थांबल्या होत्या, शेवटची फांदी जळेपर्यंत. सत्काराचं मी त्यांना आधीच नको म्हणून कळवलं होतं. त्या म्हणाल्या, सत्कार रद्द आहे, पण भाषण द्यावं लागेल, बावीस गावांत, आणि या वेळी रिकाम्या हाताने जायचं. उद्या मॅडम आणि मी ढाणकीपासून सुरुवात करणार आहोत. लोक काय काय ऐकवतील त्याचा अंदाज आहे.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं विस्तवाशी बसलो. राख होईपर्यंत हलायचं नाही असा नियम आहे, माझाच. मागचं दार उघडं होतं आणि ऊन थेट चुलीपर्यंत आलं होतं. इतक्या वर्षांत आमच्या चुलीवर ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि धुराचं निमित्त करण्याइतकाही धूर उरला नव्हता. मी म्हटलं, सोनी, मला माफ कर.

ती काठीने निखारे सारत होती. म्हणाली, "धरनाच्या वक्ती माह्या मायबापाचा तांडा बुडवला. साहेब आले, मोजून गेले. चूक झाली असं म्हनाले एक मानूस आला नाई. तुमी म्हटलं."

मला जरा बरं वाटलं. मी तिच्याजवळ सरकलो.

"माफ केलं असं नाई म्हटलं म्या," ती म्हणाली, आणि काठी माझ्या हातात देऊन कोयी धुवायला उठली.